पारव्या रंगाची भिंत

मास्तरांनी आमच्या खोलीला आम्हाला विचारून कधी रंग दिला नाही. कुठं राहायचं ते भाडेकरूनं ठरवावं, पण कुठल्या रंगात राहायचं ते आपण ठरवणार, असा त्यांचा सरळ कायदा होता. सांगलीत गावभागात, कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं घर. मधे अंगण आणि भोवती आमच्यासारखी चार बिऱ्हाडं. ते मूळचे साताऱ्याचे. हायस्कुलात चित्रकला शिकवायला आले आणि इथलेच झाले. आम्ही माणातले. तिकडं पाऊस नाही म्हणून वडील सांगलीला आले आणि हळदीच्या पेठेत तोलार म्हणून लागले. दिवसभर अडत्याच्या दुकानी हळद तोलायची, त्यामुळे सदऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत पिवळे. खोली विचारायला वडील पहिल्यांदा गेले तेव्हा मास्तरांनी नाव-गाव काही विचारलं नाही. सदऱ्याची बाही उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "हा पिवळा मी कधीचा शोधतोय." खोली आपल्याला त्या मळक्या सदऱ्यापायी मिळाली, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.

मास्तर उंच, वाकलेले, डोक्यावर काळी टोपी, अंगात कोट. कोटाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात एक करडा पुठ्ठा, बरोबर मधोमध भोक पाडलेला. कुठलाही रंग नीट बघायचा तर आजूबाजूचे रंग झाकून बघितला पाहिजे, नाहीतर शेजारी चुगल्या करतात, असं त्यांचं म्हणणं. मंडईत ते त्या भोकातून वांग्यांकडे बघत उभे राहायचे. माळणी आपल्या पाट्यांवर पदर ओढायच्या. एकीनं तर सरळ विचारलं, "मास्तर, घ्यायाची हाईत का नुसती दिष्ट लावायची हाय?" मास्तर म्हणाले, "बाई, तुझी वांगी जांभळी नाहीत, काळी पण नाहीत. काय आहेत ते कळलं की घेतो." ते कळेपर्यंत वांगी संपली. घरी पिशवी रिकामीच आली आणि मास्तरीणबाईंनी पिठलं टाकलं.

मास्तरीणबाई हा स्वतंत्र विषय आहे. बुटक्या, गोऱ्यापान, बोलायला तिखट. सगळ्या बिऱ्हाडांच्या भिंती रंगवून झाल्या तरी मास्तरांची स्वतःची खोली कधी रंगली नाही. तिथं भिंतीवर हातभर हातभर रंगांचे चट्टे होते. एक लावायचा, वाळू द्यायचा, पुठ्ठ्यातून बघायचा, नापास करायचा, की त्याच्या शेजारी दुसरा. पाहुणे आले की बाई आधीच सांगून टाकत, "भिंतीकडे बघू नका. तिला गोवर आलाय."

संध्याकाळी ओसरीवर ते बिऱ्हाडांतल्या आम्हा पोरींना जमवायचे. मी सातवी पास होऊन घरी बसले होते, मला दुसरं काम नव्हतं. लढाईमुळे परदेशी रंगाच्या पेट्या बाजारातून गेल्या होत्या. मास्तरांना त्याचं दुःख नव्हतं. कपड्याची नीळ, गेरू, पिवडी, चुना आणि चिमणीची काजळी एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. तांबडा, पिवळा, निळा हे तीनच खरे, बाकीची सगळी यांची पोरंबाळं, असं ते सांगत. पिवळ्यात निळा घातला की हिरवा. मग त्या हिरव्याला जन्म द्यायला जो बोलावला नव्हता, तो तांबडा, तो त्याचा वैरी. तसा पिवळ्याचा वैरी जांभळा आणि निळ्याचा वैरी नारिंगी. "वैऱ्याला शेजारी बसवा, दोघांनाही तेज चढतं," मास्तर म्हणायचे. "मात्र एकमेकांत कालवू नका. चिखल होतो."

"मग आपला कधीच झालाय," आतून बाईंचा आवाज यायचा.

मास्तरांना हे चालायचं. त्यांचा आणखी एक सिद्धांत म्हणजे सावली काळी नसते. साताऱ्याची सावली निळी आणि सांगलीची जांभळट, असं ते छातीठोकपणे सांगत. आम्ही पोरी अंगणात आपापल्या सावल्या बघत बसायचो आणि हसून पोट दुखायचं. पण खरं सांगते, अजून मला कुणी सावली काळी म्हटलं की मी एकदा खाली बघते.

त्यांच्या चुकाही व्हायच्या. आमच्या शेजारी एक कंपाउंडर राहायचे. त्यांच्या स्वयंपाकघरावर दुपारभर पश्चिमेचं ऊन यायचं, म्हणून मास्तरांनी त्याला थंडावा यावा अशी निळी भिंत दिली. आठवडा गेला नाही तोच कंपाउंडरीणबाई कुरकुरायला लागल्या. पोरं जेवत नाहीत, ताजी आमटीसुद्धा शिळी दिसते. मास्तर वाद घालत बसले नाहीत. आपल्या घरची आमटी वाटीत घेऊन त्या निळ्या खोलीत पाटावर जाऊन बसले. दोन घास खाल्ले आणि वाटी खाली ठेवली. "ही मी खाऊ शकत नाही," ते म्हणाले, "आणि ही माझ्या बायकोनं केलीय, चांगली आहे." त्याच दिवशी त्यांनी चुन्यात गेरू कालवून ती खोली फिक्या भगव्या रंगाची करून टाकली. चूक कबूल करताना त्यांना कमीपणा वाटत नसे. उलट चूक सापडली की ते दिवसभर खुशीत असत.

वडिलांच्या अडत्यानं नवं दुकान घेतलं तेव्हा शकुनाचा म्हणून सगळा पिवळा रंग काढला. त्यात हळदीचे नमुने मांडले ते मातीसारखे दिसायला लागले. गिऱ्हाईक हातात घ्यायचं आणि तोंड वाकडं करायचं. वडिलांनी मास्तरांना नेलं. मास्तर उंबऱ्यातूनच म्हणाले, "शेठ, पिवळ्याला पिवळ्यात बसवून काय होणार? वैरी आणा." शेठजी आधी दचकले. मग मागची भिंत मंद जांभळी करून घेतली आणि त्याच हळकुंडांचा रंग डोळ्यांत भरायला लागला. पेठेत हा बोभाटा झाला. वडील त्या दिवसापासून मास्तरांना देवासारखे मानायला लागले.

आता माझं सांगते. मी काळी. सावळी म्हणतात ती नव्हे, काळीच. मला त्याचं घरात कधी काही वाटलं नव्हतं, कारण वडील तसेच आणि आजोळ सगळं तसंच. वाटायला लागलं ते मला बघायला लोक यायला लागल्यावर. आमच्याकडे रीत अशी की बघायला येणार असले की खोलीला चुना काढायचा. घर स्वच्छ दिसतं, पोरीवर उजेड पडतो, अशी समजूत. आई स्वतः कुंचला घेऊन पांढरीशुभ्र भिंत करायची, त्या भिंतीला टेकवून मला बसवायची, आणि अंगावर शेजारणीचं मागून आणलेलं मोतिया रंगाचं लुगडं. पाहुणे पोहे खायचे, मला चालायला लावायचे, एखादी ओळ वाचायला लावायचे आणि घरी जाऊन निरोप पाठवायचे की पोरगी बाकी ठीक आहे, पण रंगात मार खाते. असं एकदा झालं, दोनदा झालं, पुढंही झालं. आई रात्री पदर तोंडावर घेऊन पडायची. मला तिच्या रडण्याचा राग यायचा आणि रागाची लाजही वाटायची.

एकदा पाहुणे उठून गेले आणि मास्तर शाळेतून आले. मी अजून भिंतीपाशीच बसले होते. त्यांनी खिशातून पुठ्ठा काढला, माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि आईवर ओरडले.

"हा चुना पुन्हा कुणी काढला?"

"मीच की," आई म्हणाली. "आवं, पावनं यायचं हुतं."

"जिल्ह्यातल्या निम्म्या पोरी या चुन्यानं नापास केल्यात! पांढऱ्यापुढं काहीही ठेवा, काळं दिसतं. या भिंतीपुढं मी माझ्या बायकोला बसवलं तर तीसुद्धा पिवळी दिसेल."

"बसवून बघा तरी," बाई आपल्या दारातून म्हणाल्या.

मास्तरांनी खिशातला एक करडा कागद आईसमोर फाडून दोन तुकडे केले. एक पांढऱ्या कागदावर ठेवला, एक त्यांच्या काळ्या टोपीवर ठेवला. "आता सांगा, यातला काळा कुठला?" आईनं पांढऱ्यावरचा दाखवला. मास्तरांनी दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना जोडले. आई घाबरून म्हणाली, "मास्तर, असली नजरबंदी नगं गड्या." गडबडीत ती त्यांना गड्या म्हणाली हे तिच्या ध्यानात आलं नाही. मास्तरांच्याही आलं नाही.

त्यानंतर माणातलंच एक स्थळ आलं. मुलगा पलटणीत कारकून, रजेवर आलेला, दहिवडीकडच्या एका गावचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. वडिलांची ओळख निघाली होती. रजा संपली की मुलगा जाणार, मग लढाई कधी संपेल कुणास ठाऊक, म्हणून जे व्हायचं ते लगेच. आईनं चुन्याचं मडकं बाहेर काढलं आणि मास्तरांनी ते उचलून परसात नेऊन ठेवलं. नीळ, काजळी, चिमूटभर पिवडी, त्यात सरस कढवून घातला आणि समोरची भिंत पारव्याच्या पाठीसारखी करून टाकली. ओली असताना ती इतकी गडद दिसत होती की आईनं कपाळावर हात मारला. "ह्ये काय मयताचं घर हाय का?" मास्तर म्हणाले, "वाळू द्या. ओला रंग नेहमी खोटं बोलतो."

वाळल्यावर त्यांनी मला तिथं बसवलं आणि सगळ्यांना बोलावलं. मी काही बघू शकत नव्हते, पण लोकांचे चेहरे बघत होते. कंपाउंडरीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, उजळलीच की!" आईनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. बाईंनी आरसा आणून माझ्यासमोर धरला. खरंच, मी निराळी दिसत होते. नाक-डोळे वर आले होते, कातडीला तांब्याची झाक आली होती. मी काही गोरी झाले नव्हते, पण बघत राहावंसं वाटत होतं. मला आनंद झाला. तो नाही झाला म्हणून सांगितलं तर खोटं होईल.

तेवढ्यात वडील पेठेतून आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम मोकळं हसले. किती दिवसांत ते तसे हसले नव्हते. म्हणाले, "मास्तर, लय झ्याक! हळदीला भाव आला तसा माज्या पोरीला बी यील आता."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझा आनंद तिथंच गेला. संध्याकाळी ओसरीवर मास्तर एकटेच काजळीचे हात चोळून धूत होते. मी जाऊन उभी राहिले.

"मास्तर, ही भिंत मी सासरी न्यायची कशी?"

मास्तरांना कुठल्याही प्रश्नावर उत्तर असायचं, आणि नसलं तर ते तिथल्या तिथं तयार करायचे. त्या दिवशी ते हात धूत राहिले. पाणी स्वच्छ यायला लागलं तरी धूत राहिले. मग हात तसेच ओले ठेवून आत गेले. मला वाटलं, मी त्यांचा अपमान केला.

सकाळी ते आमच्या दारात आले. आई पोहे निवडत होती. मास्तर उभ्या उभ्या मला म्हणाले, "आज तुला कुठं बसायचंय?"

"तिला काय इचारताय?" आई म्हणाली. "भित्ताम्होरं बसंल की."

"मी तिला विचारलं."

मला त्या सगळ्या बघण्यांत कुणी काही विचारलं नव्हतं. काय नेसायचं, काय वाचायचं, मान किती खाली घालायची, सगळं ठरलेलं असायचं.

"अंगणात बसते. आणि ते मोतिया लुगडं नको. माझं डाळिंबी इरकल नेसते."

"दुपारी अंगणात सरळ ऊन असतं," मास्तर म्हणाले. "तिथं माझं काही चालत नाही. जे आहे ते दिसतं."

"व्हय," मी म्हटलं.

आई भडकली. "मग भित्ताला एवडी काजळी फासली ती कशापायी? मास्तर, तुमास्नी पोरगी असती म्हंजे कळलं असतं!" मास्तरांना मूलबाळ नव्हतं. हे आई बोलून गेली. मास्तर म्हणाले, "खरं आहे. असती तर कदाचित मी पण भिंतीपुढंच बसवली असती." आणि घरात जाऊन स्वतःचं जाजम आणून अंगणात अंथरलं.

पाहुणे तिघं आले. मुलगा खाकी कपड्यांत, त्याची आई आणि चुलता. अंगणातच बसायचंय म्हटल्यावर चुलत्यानं इकडं तिकडं बघितलं. ते ओट्यावर सावलीत टेकले आणि मी जाजमावर, डोळ्यांपुढं ऊन. असं उघड्यावर बसलं की कळतं, आपण किती दिवस आत बसलो होतो. चुलत्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "पोरगी काळी हाय की ओ."

वडील ताडकन उठले. "उन्हामुळं वाटतंय पावनं. आत चला, भित्तापाशी बसवू. आत बघा."

चुलता उठलाच होता. आई मला खांद्याला धरून उठवायला लागली. मी जाजमाची कड धरून ठेवली. आमच्या दारात मास्तर उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

"आत अंधार आहे," ते म्हणाले. "बघायचं ते इथंच बघा."

वडील त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसाला देव मानला तो दार अडवून उभा. आता हे स्थळ गेलं आणि मास्तरांनी घालवलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. अंगणात बसायची हौस माझी होती, पण पुन्हा नापास झाले असते तर आईला तोंड दाखवायची माझी छाती नव्हती.

त्या सगळ्यात मुलगा पहिल्यांदा बोलला. आपल्या आईला म्हणाला, "आये, त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतंय. सरकून बसू दे की."

"थांब रं. बघू दे मला नीट," त्याची आई म्हणाली. ती ओट्यावरून उतरली, माझ्यापुढं उन्हातच बसली आणि माझी हनुवटी वर केली. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याहून काळी होती. तिनं माझे हात उलटेसुलटे करून बघितले, दळण येतं का विचारलं, वाचता येतं का विचारलं. वाचता येतं म्हटल्यावर म्हणाली, "पोराची पत्रं वाचून दावायला कुनी न्हाई आमच्यात." मग डोक्यावर पदर ओढून म्हणाली, "उठा भाऊजी. बघून झालं."

निरोप दुसऱ्या दिवशी आला. रजा संपायच्या आत लग्न झालं.

सासरी गाव सगळं उघडं, झाडांचं नाव नाही, घरं काळ्या दगडाची. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि नवी नवरी बघायला बायका जमल्या. त्यातली एक, माझा पदर वर करून झाल्यावर, माझ्यादेखत म्हणाली, "काय गं ह्ये, सून काळी गावली व्हय? फशिवलं वाटतं सांगलीवाल्यांनी." मी मान खाली घातली. मला वाटलं, आता इथंही सुरू. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. म्हणाल्या, "फशिवतंय कोन? भर उन्हात बसवून बघून आनलीया आमी तिला. हाय तशी हाय, आन् आमची हाय."

त्यानंतर त्या घरात माझ्या रंगाचं नाव कुणी काढलं नाही.

पहिल्या माहेरपणाला सांगलीला आले तर आमच्या दाराशी चपलांचा ढीग. आई लगबगीनं बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आत जाऊ नगं. वरल्या आळीच्या पोरीला बघाय आल्यात." त्यांच्या पोरीला बघायला आमच्या खोलीत कशाला, म्हटलं, तर आई मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "भित्तापायी! तुजं जमलं न्हवं का त्या भित्तानं? आता समदं गाव मागतंय." मी उघड्या दारातून बघितलं. पारव्या भिंतीपुढं एक पोरगी मान खाली घालून बसली होती. अंगावर तेच मोतिया लुगडं.

मास्तर ओसरीवर पाय पसरून बसले होते. थकल्यासारखे दिसले. "सांगून सांगून दमलो," ते म्हणाले. "तू या भिंतीपुढं बसलीच नव्हतीस, हे कुणाला पटत नाही. तुझ्या आईला पण पटत नाही, आणि ती तिथं होती." मग त्यांनी विचारलं, "तुझं तिकडं कसं आहे?" मी त्यांना काळ्या दगडाच्या भिंती सांगितल्या, उघडा माळ सांगितला. तिकडची सावली कसली आहे ते विचारतील असं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. मग त्या बाईचं बोलणं सांगितलं आणि सासूबाई काय म्हणाल्या ते सांगितलं.

मास्तर सरळ उठून बसले. "पुन्हा सांग," म्हणाले. मग आत तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये. हिची सासू काय म्हणाली ते ऐक."

मास्तरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. मी पुन्हा सांगितलं. यावेळी जरा मोठ्यानं, आमच्या खोलीतल्या त्या पोरीला ऐकू जाईल असं.